काळ्या दगडातले रेडियम : एका अभ्यासक्षेत्राची ओळख

वाळवा किंवा कराड तालुक्यातले एक एकर उसाचे रान घ्या. त्याच्या वरच्या आठ इंच मातीचे वजन हजारभर टन भरते. आपल्या काळ्या दगडापासून झालेल्या मातीत किलोमागे साधारण दहा-पंधरा बेकरेल रेडियम धरायला हरकत नाही. एका सेकंदाला एक अणू फुटला की तो एक बेकरेल. या हिशेबाने त्या सगळ्या एकरात मिळून रेडियम निघते पाव ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या मधे कुठेतरी, मोहरीच्या दाण्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतके. एका गुंठ्याच्या वाट्याला सात ते दहा मायक्रोग्रॅम येतात. आता दुसरा आकडा पाहा. माणसाच्या शरीरात रेडियम किती असलेले चालेल याची मर्यादा अमेरिकेत १९४१ साली ठरली, ती होती एक दशांश मायक्रोग्रॅम. म्हणजे गुंठाभर मातीत त्या मर्यादेच्या सत्तर ते शंभर पट रेडियम आहे. तरीही त्या गुंठ्यात जन्मभर राबणाऱ्या माणसाला त्याचा उपद्रव होत नाही. का होत नाही, आणि कोणत्या परिस्थितीत होऊ शकेल, हे दोन प्रश्न या विषयाचा गाभा आहेत. बाकीचे सारे त्यांच्या उत्तरासाठी लागणारे सामान.

विषय कठीण आहे अशी समजूत करून घेऊन आपल्याकडचे विद्यार्थी त्याच्या वाटेला जात नाहीत. नोकऱ्या मुंबईला, तुर्भ्याला, प्रयोगशाळा तिकडे, मग इथे बसून काय मोजायचे, असा एक सूर असतो. गावात ‘रेडिएशन’ हा शब्द निघतो तो बहुधा मोबाइल टॉवरवरून. ग्रामसभेत त्यावर तास-तास वाद होतात. टॉवरच्या लहरींत अणू फोडण्याचे सोडाच, अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याचीही ताकद नसते. त्यांचा आणि या पुस्तकाच्या विषयाचा संबंध नाही. तसेच गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीमागे चमकते ती ‘रेडियम’ची पट्टी. तिच्यात रेडियमचा कणही नसतो, समोरच्या गाडीचा उजेड ती परत फेकते एवढेच. ती पट्टी अवश्य लावावी. खरे रेडियम ट्रॉलीच्या चाकांना लागलेल्या चिखलात असते.

साताऱ्याचा आणि सांगलीचा जवळजवळ सगळा भूभाग दख्खनच्या बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांतून सह्याद्रीचे कडे, अजिंक्यताऱ्याचा डोंगर, खानापूर-आटपाडीचे माळ झाले. महाबळेश्वर, पाचगणी, कास इथे माथ्यावर जांभ्याची टोपी आहे, खाली पुन्हा बेसाल्टच. हा दगड युरेनियमच्या बाबतीत गरीब. टनाला एक ग्रॅमसुद्धा युरेनियम त्यात सहसा भरत नाही. ग्रॅनाइटमध्ये ते टनाला तीन-चार ग्रॅम सहज असते, कधी त्याहून पुष्कळ जास्त. एका टनात एक ग्रॅम युरेनियम असेल तर किलोमागे सुमारे बारा बेकरेल होतात, आणि जुन्या, न ढवळलेल्या दगडात रेडियमही तितकेच फुटत असते. जगभरच्या मातीची सरासरी किलोमागे तीस-पस्तीस बेकरेल रेडियम अशी आहे. आपण त्या सरासरीच्या निम्म्यातही नाही. देशभर नैसर्गिक किरणोत्सर्गाची जी मोजणी झाली, तिच्यातही दख्खनचा पट्टा खालच्या पातळीवरच निघाला.

हे वाचून कोणी पुस्तक मिटून ठेवील, की इथे काहीच नाही तर अभ्यास कशाचा? माझे म्हणणे नेमके उलटे आहे. केरळच्या किनाऱ्यावर किंवा झारखंडात जादूगुडाच्या खाणीजवळ निसर्गाचीच पातळी इतकी चढलेली असते, की माणसाने वर काय भर घातली ते त्यात हरवून जाते. इथे तळाचा आकडा लहान आणि बऱ्यापैकी सारखा आहे. त्यामुळे बाहेरून आलेले रेडियम, मग ते खताच्या पोत्यातून आलेले असो, ग्रॅनाइटच्या ओट्यातून, राखेच्या विटेतून किंवा जिप्समच्या ढिगातून, मोजणीत उठून दिसते. माणसाच्या हाताने होणारी भर पाहायची तर सातारा-सांगलीसारखा प्रदेश शोधून सापडणार नाही. या पुस्तकातल्या प्रकरणांचा क्रमही याच विचाराने लावला आहे : आधी दगड, मग बाहेरून आलेल्या वस्तू, शेवटी शरीर.

दगडाबद्दल एक गोष्ट मात्र इथेच सांगितली पाहिजे. बेसाल्ट गरीब असला तरी तो जाडजूड चादरीसारखा वर पसरलेला आहे, आणि त्या चादरीखाली ग्रॅनाइट व नाइस यांचा अतिप्राचीन पाया आहे. हे आता अंदाजाने सांगावे लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, आणि त्यानंतर तिथे लहान-मोठे धक्के आजवर चालूच आहेत. त्यांचे मूळ शोधण्यासाठी केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने या भागात खोल विंधनविवरे घेतली. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. पाटण तालुक्यात गोठणे येथे घेतलेले पथदर्शी विवर तीन किलोमीटर खोल गेले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला आणि मग पायाचा खडक. त्या पायात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या फुटण्यातून किती उष्णता निघते, याची मापे भूशास्त्रज्ञ वरून काढलेल्या गाभ्यावर घेतात. खाली पायाच्या खडकात जास्त रेडियम आणि वर कमी, मधे भेगा : अशा जागी जमिनीतून वर येणाऱ्या वायूंचा अभ्यास रंगतदार होतो. १९६६ च्या ताश्कंदच्या भूकंपाआधी तिथल्या खोल विहिरीच्या पाण्यात रेडॉन वाढत गेल्याचे नोंदले गेले, तेव्हापासून जगभर रेडॉनवरून भूकंप सांगता येईल का याचा पाठलाग सुरू आहे. भरवशाचे भाकीत अजून कोणाला जमलेले नाही. पाऊस पडला, हवेचा दाब उतरला तरी जमिनीतला रेडॉन वर-खाली होतो, आणि कोयनेच्या पावसाची ख्याती सांगायला नको. तरुणांनी तिथे रेडॉन जरूर मोजावा, पण भूकंपाचा ज्योतिषी होण्याची घाई करू नये.

आता रेडॉन म्हणजे काय. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य साडेचारशे कोटी वर्षांच्या आसपास. पृथ्वीच्या वयाइतकेच म्हणा ना. ते फुटत फुटत रेडियम-२२६ वर येते. त्याचे अर्धायुष्य १६०० वर्षे. रेडियम फुटले की रेडॉन-२२२ होतो, आणि इथे कथेला वळण लागते. आतापर्यंत सगळे घन, दगडात अडकलेले. रेडॉन मात्र वायू, तोही कोणाशी संयोग न करणारा. रेडियमचा अणू मातीच्या कणाच्या पृष्ठभागाजवळ असेल तर त्यातून निघालेला रेडॉन कणांमधल्या पोकळीत उडी घेतो आणि हवेबरोबर वर सरकू लागतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे वाट काढायला वेळ थोडा. पुढची पिले पोलोनियम, शिसे, बिस्मथ ही पुन्हा घन. ती हवेतल्या धुळीला चिकटतात, आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन तिथे बसतात. पोलोनियम तिथे अल्फा कण सोडते. अल्फा कण कागदाने अडतो, कातडीच्या मेलेल्या थराने अडतो. पण फुप्फुसाच्या ओलसर अस्तरावर तो थेट जिवंत पेशींत शिरतो. शेतात राबणाऱ्याला रेडियमचा त्रास का नाही याचे उत्तर यातच आले : बाहेर असलेले रेडियम जवळजवळ निरुपद्रवी, आत गेलेले मात्र नाही.

आत गेलेल्या रेडियमचे काय होते, हे मानवजातीला फार महागात पडून कळले. पहिल्या महायुद्धापासून अमेरिकेत न्यू जर्सी, कनेक्टिकट, इलिनॉय इथल्या कारखान्यांत तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर चमकणारा रंग लावत. रंगात रेडियम. कुंचल्याला टोक यावे म्हणून ओठात धरायचा, अशी कामाची रीत होती. रेडियमचा स्वभाव कॅल्शियमसारखा. ते हाडांत जाऊन बसते. आधी दात पडले, मग जबडे सडले, हाडे मोडली, पुढे हाडांचे कर्करोग झाले. ग्रेस फ्रायर आणि तिच्या मैत्रिणींनी १९२७ साली कंपनीवर खटला भरला, १९२८ साली तडजोड झाली. सुरुवातीला सांगितलेली ती एक दशांश मायक्रोग्रॅमची मर्यादा याच मुलींच्या देहांवरून ठरली. त्या मर्यादेमागे कोणाची हाडे आहेत हे विद्यार्थ्याने विसरू नये, म्हणून मी हा इतिहास कोणत्याही समीकरणाच्या आधी शिकवतो.

त्याच काळात हेच रेडियम औषधही होते. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि त्यांचे पती सर दोराबजी यांच्या मनात मुंबईत रेडियमने उपचार करणारी संस्था असावी असे आले. त्यातून पुढे परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली उघडले. मेरी क्युरींच्या प्रयोगशाळेत काम केलेले डॉ. रामय्या नायडू तिथे भौतिकशास्त्रज्ञ होते. रेडियमपासून रेडॉन काढून तो उपचारासाठी वापरण्याची सोय तिथे त्यांनी केली. सातारा-सांगलीकडचा कर्करोगाचा रोगी परळला जातो तेव्हा त्या इमारतीमागची ही रेडियमची पूर्वपीठिका कोणाच्या ध्यानात नसते. असायला हवीच असेही नाही.

रेडॉनकडे वळू. घरातल्या रेडॉनमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि धूम्रपानानंतरचे ते महत्त्वाचे कारण आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिने २००९ साली घरासाठी घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भपातळी सुचवली. ते जमत नसेल तिथे ३०० च्या वर जाऊ नये. जगातल्या घरांची सरासरी चाळीसच्या आसपास आहे. युरोपातल्या नऊ देशांतले तेरा अभ्यास एकत्र करून २००५ साली जो निष्कर्ष निघाला तो असा, की दर १०० बेकरेलला धोका १६ टक्क्यांनी वाढतो. टक्केवारी ऐकून घाबरायला होते, म्हणून त्याच अभ्यासातला दुसरा तपशील पाहावा. कधीच धूम्रपान न केलेल्या माणसाला पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाचा कर्करोग होण्याची शक्यता रेडॉन शून्य असेल तर हजारात चार, १०० बेकरेलला हजारात पाच, ४०० ला सात. धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत हेच आकडे शंभरात दहा, बारा आणि सोळा. हे दोन ओळींचे कोष्टक या क्षेत्रातले सर्वात उपयोगी कोष्टक आहे असे मी मानतो. रेडॉनची भीती बाळगून विडी ओढणाऱ्या माणसाला काय सांगायचे ते त्यात लिहिलेले आहे.

आपल्या घरांत रेडॉन सहसा साचत नाही. दारे दिवसभर उघडी, खिडक्यांना फटी, खाली बेसाल्टची जमीन. थंड देशांतली बंद, तळघरांची घरे वेगळी. पण आपलीही घरे बदलत आहेत. खोली बंद करून वातानुकूलन लावले की हवा तीच फिरत राहते. काळ्या दगडाच्या भिंती, शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा जाऊन ग्रॅनाइट, राखेच्या विटा आणि चकाकणारी व्हिट्रिफाइड टाइल आली. टाइलला पांढरेपणा येण्यासाठी झिरकॉन घालतात, आणि झिरकॉनमध्ये युरेनियम-रेडियम चांगलेच असते. टाइलमध्ये त्याचे प्रमाण थोडे, वर काचेसारखा थर, त्यामुळे रेडॉन फारसा सुटत नाही. ग्रॅनाइटच्या ओट्यापायी स्वयंपाकघर सोडण्याचे कारण नाही. खोलीची हवा किती वेळा बदलते हे ओट्यापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचे. मोजणाऱ्याने मात्र दोन्ही लिहून ठेवावे : ओटा कसला, आणि रात्री खिडकी उघडी असते की बंद.

मोजणी म्हणजे काय हे जवळून पाहू, कारण यंत्र महाग असते हा गैरसमज इथे फिटतो. तांबड्या सेल्युलोज नायट्रेटची एक पातळ फिल्म असते, एलआर-११५ नावाची. तिचा तीन सेंटिमीटरचा चौकोन कापून प्लास्टिकच्या कपात बसवतात. कपाला बारीक छिद्रे, त्यातून रेडॉन आत जातो, धूळ बाहेर राहते. असा कप खोलीच्या आढ्यापासून आणि भिंतीपासून फूटभर दूर टांगून तीन महिने विसरून जायचे. (घरातल्यांनीही विसरावे. कुतूहलाने कप उघडून पाहणाऱ्या पोरांमुळे नमुने वाया जातात.) तीन महिन्यांत जे अल्फा कण फिल्मवर आपटतात, ते प्रत्येकी नखाने उमटावा तसा, पण डोळ्यांना न दिसणारा व्रण ठेवतात. मग फिल्म ६० अंशांच्या कॉस्टिक सोड्यात दीड तास ठेवायची. व्रण झालेली जागा लवकर झिजते आणि आरपार छिद्र पडते. तांबडा थर सोलून घेऊन तो दोन विद्युतअग्रांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पापुद्र्याखाली ठेवतात. आधी ९०० व्होल्टच्या आसपास दाब देऊन अर्धवट छिद्रे पूर्ण उघडून घेतात, मग ५०० च्या आसपास मोजतात. प्रत्येक छिद्रातून एक ठिणगी उडते, तेवढ्या जागेवरचा मुलामा उडून जातो, म्हणून तेच छिद्र दुसऱ्यांदा मोजले जात नाही. टक् टक् आवाज करत आकडा वाढत जातो. बी.एस्सी.च्या मुलाला अणुभौतिकी शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

बंद जागेचा विचार करताना सांगलीजवळच्या हरिपूरची आठवण येणे अपरिहार्य आहे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात हळद साठवण्याची पेवे आहेत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत पोटाला रुंद होत गेलेली, वीस-तीस फूट खोल. कोणत्याही सिमेंटविना मातीतच कोरलेली. हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे राहते, कीड लागत नाही, कारण आत प्राणवायू उरत नाही. २००५ च्या महापुरात यांतली बरीच पेवे पाण्याखाली गेली आणि कायमची बाद झाली. जी आहेत ती किरणोत्सर्गाच्या अभ्यासकाला पर्वणी. चहूबाजूंनी माती, वर झाकण, मधे बंद हवा. महिन्याभरात रेडॉन जितका चढायचा तितका चढून स्थिर होतो. मातीच्या पोकळीतल्या हवेत कुठेही घनमीटरला हजारो बेकरेल रेडॉन असतोच, पेवात तो त्याहून कमी पण घरापेक्षा कितीतरी पट असणार. मग हमालाला धोका आहे का? हिशेब करू. पेवात २००० बेकरेल धरा, आणि माणूस दोन तास आत. गुणाकार चार हजार. आता घरात २० बेकरेल धरा आणि दिवसाचे पंधरा तास. रोजचा गुणाकार तीनशे. म्हणजे पेवातले दोन तास हे घरातल्या तेरा-चौदा दिवसांइतके झाले. वर्षातून मोजक्या वेळा उतरणाऱ्याला ही भर किरकोळ आहे. पेवातला खरा वैरी प्राणवायूचा अभाव आणि साचलेला कार्बन डायॉक्साइड. तो मिनिटांत जीव घेतो. म्हणूनच पेव उघडल्यावर तोंड काही तास मोकळे ठेवायचे, दिवा सोडून बघायचे, मग माणूस उतरवायचा, ही जुनी रीत. ती हवा बदलते तेव्हा रेडॉनही आपोआप निघून जातो. धोक्यांची उतरंड लावता येणे हे या शास्त्राचे अर्धे काम आहे, आणि ती उतरंड हळद व्यापाऱ्यांच्या हमालांना आपल्या आधी ठाऊक होती.

या पुस्तकातले सर्वात लांब प्रकरण खतांचे आहे, आणि ते लांब असणे योग्यच. स्फुरदाची खते ज्या फॉस्फेट खडकापासून बनतात, तो मोरोक्को, जॉर्डनसारख्या देशांतून येतो, थोडा राजस्थानात उदयपूरजवळच्या झामरकोट्र्यातून. समुद्रतळाशी साचलेल्या या खडकांत युरेनियम टनाला शंभर ग्रॅमपर्यंत असते, म्हणजे बेसाल्टच्या शंभर-दोनशे पट. त्याबरोबर रेडियमही किलोमागे हजार-दीड हजार बेकरेल. झामरकोट्र्याच्या खडकात ते बरेच कमी. पुढे काय होते ते खताच्या प्रकारावर ठरते, आणि इथे शेतकऱ्याची समजूत व रसायनशास्त्र यांची गाठ पडते. डीएपी किंवा १०:२६:२६ बनवताना आधी खडकातून फॉस्फोरिक आम्ल काढतात. युरेनियम बहुतेक सारे आम्लाबरोबर खतात जाते, रेडियम बहुतेक सारे मागे राहिलेल्या जिप्सममध्ये. सिंगल सुपर फॉस्फेट, ज्याला आपण नुसते ‘सुपर’ म्हणतो, त्यात मात्र असे वेगळे काढणे नसते. खडकावर गंधकाम्ल घातले, घट्ट झाले, पोत्यात भरले. खडकातले रेडियम थेट पोत्यात.

आडसाली उसाला हेक्टरी १७० किलो स्फुरदाची शिफारस आहे. ती सगळी सुपरमधून दिली तर एकरी सुमारे सव्वाचारशे किलो, म्हणजे साडेआठ पोती. सुपरमध्ये किलोमागे ५०० बेकरेल रेडियम धरले तर एका पिकाला एकरी दोन लाख बेकरेलच्या वर रेडियम जमिनीत पडते. आकडा भयंकर वाटतो. हजार टन मातीत तो मिसळला की किलोमागे भर पडते ०.२ बेकरेल. दहा-पंधरांवर ०.२. अशी पन्नास पिके घेतली तर जमिनीतले रेडियम दुप्पट होण्याच्या जवळ येईल, आणि तेव्हाही ते जगाच्या सरासरीखालीच असेल. कृष्णाकाठी साठ-सत्तर वर्षे सलग ऊस घेतलेल्या जमिनी आहेत. तिथे ही भर मोजता येईल इतकी झालेली असायला हवी. धोका वाटेल इतकी नव्हे.

याच प्रकरणाला जोडून चोपण जमिनींचा प्रश्न येतो. वाळवा, मिरज, पलूस, शिरोळ या पट्ट्यात अति पाण्याने हजारो एकर रान क्षारपड झाले. चोपण सुधारायला जिप्सम घालतात, आणि स्वस्तात मिळणारे जिप्सम म्हणजे खत कारखान्यातले फॉस्फोजिप्सम. मघाशी मागे राहिलेले रेडियम ज्यात गेले तेच. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने त्याच्या वापरासाठी ग्रॅमला एक बेकरेल रेडियम अशी मर्यादा घातलेली आहे. त्या मर्यादेवरचे, म्हणजे सर्वात वाईट चालण्याजोगे जिप्सम एकरी दोन टन टाकले, तर मातीत किलोमागे दोन बेकरेलची भर पडते. सुपरच्या दहा पिकांइतकी, एका झटक्यात. चोपण सुधारण्याचा फायदा पाहता मी ते टाकण्याच्या बाजूने आहे. पण जिप्समच्या गाडीबरोबर त्याच्या रेडियमचा दाखला मागावा, आणि तो मागणारा शेतकरी किंवा कारखान्याचा शेती अधिकारी तयार व्हावा, यासाठी हे पुस्तक उपयोगी पडावे अशी माझी इच्छा आहे. ऊस हे रेडियम ओढून घेतो का? आपल्या काळ्या मातीत चुना भरपूर. वनस्पतीला कॅल्शियम हवे असते आणि ते विपुल असले की त्याच्यासारखे दिसणारे रेडियम मागे राहते. जिप्समही पुन्हा कॅल्शियमच. इथे मातीचा स्वभाव आपल्या बाजूने आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण अल्फा किरणोत्सर्ग लिटरला ०.१ बेकरेलच्या आत हवा. पंजाबच्या माळव्यात युरेनियमने गाजवलेले प्रश्न बेसाल्टच्या विहिरींत सहसा येत नाहीत. जत-आटपाडीकडे कूपनलिका खोल खोल जात आहेत म्हणून तिथे अधूनमधून तपासणी व्हावी, इतकेच.

तंबाखूवर मात्र थांबले पाहिजे. निपाणीचा तंबाखू आणि त्यावर पोसलेला विडीचा धंदा आपल्या दक्षिणेला लागूनच आहे. हवेतल्या रेडॉनपासून झालेले शिसे-२१० खाली उतरते, आणि तंबाखूच्या पानावरच्या चिकट लवेला ते धरून ठेवता येते. स्फुरदाच्या खतातूनही थोडे येते. त्यातून पोलोनियम-२१० होते. १९६४ साली रॅडफर्ड आणि हंट या संशोधकांनी सिगारेटच्या धुरात ते दाखवून दिले. विडी ओढणारा माणूस रेडियमची ही पिले पैसे मोजून छातीत घेतो. धुरातली रसायने त्याहून घातक आहेत, हे खरेच. पण गावात सकाळी मिश्री लावून अंगणात बसलेल्या माणसाला ‘आपल्या खताने कॅन्सर होतो का?’ असे विचारताना ऐकले, की या प्रकरणाची गरज पटते.

थोड्या मात्रेचा धोका नेमका किती, यावर तज्ज्ञांत वाद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. नियम करणारे मानतात की मात्रा कितीही लहान असो, त्या प्रमाणात धोका असतोच. तबकड्या रंगवणाऱ्या मुलींच्या हाडांचा हिशेब वेगळे सुचवतो : एका मोठ्या मात्रेच्या खाली त्यांच्यात हाडांचा कर्करोग आढळलाच नाही. केरळात करुनागपल्लीला मोनाझाइटच्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे सत्तर हजार लोकांचा साडेदहा वर्षे मागोवा घेऊन २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १,३७९ कर्करोग नोंदले गेले, पण जास्त किरणोत्सर्ग मिळालेल्यांत ते जास्त नव्हते. हा अभ्यास आपल्याकडे हवा तसा वापरला जातो. तिथला मारा मुख्यतः थोरियमकडून, बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांचा आहे. फुप्फुसात बसलेल्या पोलोनियमला तो निकाल लावता येत नाही. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

राहिली मातीतले रेडियम मोजण्याची पद्धत. नमुना वाळवून, चाळून डब्यात घालतात आणि डबा हवाबंद करून महिनाभर ठेवून देतात. रेडियम थेट मोजणे अवघड, कारण त्याची १८६ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची रेषा युरेनियम-२३५ च्या रेषेत मिसळते. म्हणून बंद डब्यात रेडॉन साचू द्यायचा, तो रेडियमच्या बरोबरीला आला की त्याच्या पिलांच्या, म्हणजे शिसे-२१४ च्या ३५२ आणि बिस्मथ-२१४ च्या ६०९ वरच्या रेषा मोजायच्या. झाकणाला केसाएवढी फट राहिली तरी रेडॉन निसटतो आणि आकडा खाली येतो. आपल्या मातीत मुळात रेडियम कमी, त्यामुळे एकेक नमुना जाड शिशाच्या कोठीत दिवसभर मोजावा लागतो. घाई असणाऱ्याने हे क्षेत्र निवडू नये.

सुरुवात कुठून करावी, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला माझे सांगणे ठरलेले आहे. आपल्याच गावातले जुने ऊसरान निवडावे. एक नमुना रानातून घ्यावा, एक बांधावरून, एक जवळच्या देवराईतून किंवा गायरानातून, जिथे खताचे पोते कधी फुटलेले नाही. तिन्ही एकाच दगडावरची, एकाच उताराची माती असावी. वेळ साधायची ती ऊस तुटून गेल्यावर आणि खोडव्याला खत पडण्याआधी. आठ इंच खोलीपर्यंत चारी कोपऱ्यांची आणि मधली माती घेऊन एकत्र करावी. पिशवीवर गट नंबर लिहावा, आणि मालकाशेजारी बसून गेल्या वीस-तीस वर्षांत सुपर किती पडले, डीएपी केव्हापासून सुरू झाले, जिप्सम कधी आणि कुठून आणले, हे विचारून घ्यावे. डबा महिनाभर बंद राहणारच आहे. ही नोंद मात्र माती घेतली त्याच दिवशी करावी, कारण दुसऱ्या खेपेला घरातले वडीलधारे भेटतीलच असे नाही आणि पोत्यांचा हिशेब त्यांच्याच तोंडपाठ असतो.